ऐनवेळचा गडी

उन्हाळ्याच्या सुटीत आमच्या बोरीच्या घराच्या ओट्यावर चार-पाच मुलांचे भांडण जुंपले. आवाज चढले तेव्हा मी हातातले पुस्तक मिटून बाहेर आलो. भांडणाच्या मुळाशी विटी नव्हती, दांडू नव्हता, चेंडूही नव्हता. प्रत्येकाच्या हातात मोबाईल होता आणि भांडण एका गोलंदाजावरून चालले होते. हा गोलंदाज बोरीचा नव्हता, परभणी जिल्ह्याचाही नव्हता. त्याने आमचे गाव स्वप्नातही पाहिले नसेल.

हा खेळ काय आहे तो मी मुलांकडूनच समजावून घेतला. प्रत्येक जण एका संघाचा मालक. सर्वांना आरंभी सारखेच काल्पनिक पैसे मिळतात. त्यातून खऱ्याखुऱ्या खेळाडूंची बोली लावून खरेदी करायची. पुढे ते खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर जे करतील त्याचे गुण आपल्या संघाच्या खात्यावर जमा होतात. खऱ्या पैशाचा यात संबंध नाही. पैसे लावून खेळण्याचे असले खेळ २०२५ च्या कायद्याने बंद केले, हे मुलांनी मला आवर्जून सांगितले. तंटा असा होता की, शेवटच्या सामन्याच्या आदल्या रात्री, खरेदीची मुदत बारा वाजता संपायची होती, तेव्हा बाराला पाच मिनिटे कमी असताना एकाने कोणीतरी सोडून दिलेला चांगला गोलंदाज उचलला आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या जोरावर तो पहिला आला.

"नाना, आम्ही सगळे झोपलो होतो. तुम्हीच सांगा, हे चालतं का?"

खरेदी करणारा म्हणाला, "मुदत बारापर्यंत होती. मी जागा राहिलो, तुम्ही झोपलात. माझा काय गुन्हा?"

मुलांना वाटले, नाना लगेच निवाडा देतील. मी मात्र त्यांना दुसऱ्या दिवशी या म्हणून सांगितले. अशाच एका तंट्यात मी पूर्वी एकदा फार चटकन निवाडा मिळवला होता आणि तो अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

ती गोष्ट १९७१ सालची. जवळच्याच एका गावी जत्रेच्या निमित्ताने हुतूतूचे सामने होते. अंतिम सामन्यात आमचा संघ होता. मी नुकताच कॉलेज सोडून घरी आलो होतो आणि नियमांचे मला भारी वेड होते. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी समोरच्या संघात एक नवाच जवान दिसला. अंगाने सडपातळ, पण पाय असे हलके की मातीवर उमटू नयेत. चौकशी केली तेव्हा कळले की तो दुसऱ्या तालुक्यातला, कोणाच्या तरी शेतावर सालगडी असलेला पोरगा. दहा रुपये आणि दोन वेळचे जेवण कबूल करून त्याला एका दिवसापुरता आणला होता. मी पंचांपुढे उभा राहिलो. सामना गावागावांचा आहे, हा गडी त्या गावचा नाही, तेव्हा त्याला खेळू देता येत नाही, असा मुद्दा मी मांडला. पंचांना तो पटला. पोरगा बाजूला बसला. आम्ही सामना जिंकलो, गुलाल उधळला. गर्दी पांगत असताना तो माझ्याजवळ आला आणि म्हणाला, "मालक, मग माझ्या दहा रुपयांचं काय?" खेळला नाही म्हणून त्याला आणणाऱ्यांनी पैसे नाकारले होते. मी काही उत्तर दिले नाही. त्या काळी दहा रुपये म्हणजे शेतमजुराची तीन-चार दिवसांची मजुरी होती.

आपल्या भाषेत 'गडी' हा शब्द मोठा बोलका आहे. खेळातला भिडू तो गडी आणि शेतावर राबणारा तोही गडीच. मराठवाड्यात सालगड्याचे साल पाडव्याला ठरते. पाडव्याला गडी मालक बदलू शकतो. एकदा उचल घेतली की पुढच्या पाडव्यापर्यंत तो बांधला गेला. ऐन सुगीत दुसऱ्याचा गडी फोडणे हे गावात वाईट समजतात. युरोपातल्या फुटबॉल संघांनी खेळाडूंच्या अदलाबदलीला वर्षातून ठरावीक मुदतीच घालून दिल्या आणि २००२ पासून तो जगाचा नियम झाला. या व्यवस्थेचे मर्म आमच्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. पाडवा त्याला ठाऊक आहे. पाडव्याने मालकाची सोय होते, गड्याचे वर्ष अडकते, हेही त्याला ठाऊक आहे.

खेळात तोल हवा, हा विचारही परका नाही. कुस्तीच्या फडात 'जोड' पाहतात. वजन, उमर, तालीम पाहून पंच तोडीस तोड लावतात. एकतर्फी कुस्तीला टाळी पडत नाही. एखादा मल्ल इतका मोठा झाला की त्याला जोड मिळेनाशी होते, तेव्हा लोक त्याचे कौतुक करतात, पण त्याची कुस्ती पाहायला मिळत नाही म्हणून हळहळतातही. वॉल्टर नील या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली हीच गोष्ट मुष्टियोद्ध्यांच्या उदाहरणाने मांडली. सामान्य दुकानदाराला शेजारचे दुकान बुडालेले बरे वाटेल. मल्लाचे तसे नाही. प्रतिस्पर्धी दुबळा झाला की त्याचा स्वतःचाच धंदा बसतो.

तेव्हा तोल हवा, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो बाहेरचा गडी आणल्याने तोल बिघडतो की काय, याबद्दल. १९७१ साली मला याविषयी कसलीच शंका नव्हती. पुढे क्रिकेटचा इतिहास वाचू लागलो आणि माझी खात्री डळमळू लागली.

बाहेरच्या गड्याची अडचण इंग्लंडातल्या काऊंटी क्रिकेटलाही फार लवकर जाणवली. १८७३ साली तेथे नियम झाला की, एका हंगामात एका खेळाडूने एकाच काऊंटीकडून खेळावे, आणि ती काऊंटी त्याच्या जन्माची तरी असावी किंवा तेथे त्याने दोन वर्षे वास्तव्य तरी केलेले असावे. फुटबॉलमध्ये १९०५ साली मिडल्सब्रो हा संघ खालच्या वर्गात घसरण्याच्या बेतात असताना त्याने हंगामाच्या अखेरीअखेरीस सुंदरलँडकडून आल्फ कॉमन हा खेळाडू एक हजार पौंड देऊन घेतला. माणसाच्या खरेदीला हजार पौंड! इंग्लंडात गहजब झाला. मिडल्सब्रो मात्र वाचला. १९०८ साली कोणत्याही खेळाडूसाठी साडेतीनशे पौंडांहून अधिक देऊ नये असा निर्बंध आला आणि काही महिन्यांतच तो मागे घ्यावा लागला. ज्याला खेळाडू हवा आहे आणि ज्याच्यापाशी पैसा आहे, तो वाट काढतोच.

आपल्याकडे ही वाट संस्थानिकांनी काढली. विजयानगरमच्या महाराजकुमारांनी १९३०-३१ च्या हंगामात आपल्या संघातून खेळण्यासाठी हॉब्ज आणि सटक्लिफ ही इंग्लंडची सलामीची जोडीच हिंदुस्थानात आणली. नवानगरने १९३६-३७ साली रणजी करंडक जिंकला तेव्हा त्यांचा कप्तान वेन्सली हा इंग्लंडातल्या ससेक्स काऊंटीचा धंदेवाईक खेळाडू होता. पुढच्याच वर्षी हैदराबादने अंतिम सामन्यात नवानगरला एका गड्याने हरवले. त्या विजयाचा शिल्पकार एडुलजी ऐबारा. आमची परभणी त्या वेळी हैदराबाद संस्थानात होती. त्या हिशेबाने तो करंडक आमचाही म्हणायला हरकत नाही, फक्त आमच्या भागातला एकही गडी त्यात नव्हता!

पण या बाबतीत खरे नाव घ्यायचे ते इंदूरच्या होळकरांचे. नागपूरच्या सी. के. नायडूंना तुकोजीराव होळकरांनी १९२३ साली इंदूरला बोलावून घेतले आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. पुढे यशवंतराव होळकरांच्या काळात नायडूंच्या हाताखाली जो संघ उभा राहिला त्यात मुश्ताक अली, सी. एस. नायडू, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड असे एकाहून एक खेळाडू होते. कोणी कोठला, कोणी कोठला. आणि १९४४-४५ च्या हंगामात या संघाला असा एक गडी मिळाला की ज्याची कोणी कल्पनाही केली नसती. महायुद्धाच्या निमित्ताने इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन इंदूरपासून काही कोसांवरच्या महूच्या छावणीत येऊन पडला होता. होळकरांनी त्याला रणजी करंडकात उतरवले.

मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबोर्न स्टेडियमवर मुंबई आणि होळकर यांचा अंतिम सामना झाला. मुंबईच्या पहिल्या डावात ४६२ धावा, होळकरांच्या ३६०. दुसऱ्या डावात मुंबईने ७६४ धावा केल्या, त्यात एकट्या विजय मर्चंटच्या २७८. होळकरांपुढे जिंकायला ८६७ धावांचे आव्हान राहिले. कॉम्प्टन एका बाजूने उभा राहिला तो शेवटपर्यंत नाबाद, धावा २४९. मुश्ताक अलीने दोन्ही डावांत शतके झळकावली. तरीही होळकर ४९२ धावांत संपले आणि ३७४ धावांनी हरले. चार डावांत मिळून २,०७८ धावा झाल्या. ऐनवेळी आणलेला जगातला एक थोर फलंदाज २४९ धावा करून नाबाद राहिला आणि त्याचा संघ हरला!

याच मैदानावर १९४३ साली पंचरंगी सामन्यांच्या अंतिम फेरीत असेच घडले होते. हिंदूंविरुद्ध 'रेस्ट' संघाच्या दुसऱ्या डावातल्या ३८७ धावांपैकी ३०९ धावा विजय हजाऱ्यांच्या होत्या, आणि रेस्ट संघ एक डाव आणि ६१ धावांनी पराभूत झाला. एका गड्याने सामना रंगतो, त्याने संघ उभा राहत नाही.

आता या काळाचा एक हिशेब मांडून पाहू. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत होळकर संघ दहा वेळा अंतिम सामन्यात पोचला. त्यांपैकी जिंकला चार वेळा. मुंबईही चार वेळा जिंकली, बडोदे दोन वेळा, मद्रास एकदा. बाहेरच्या खेळाडूंना आश्रय देण्यात बडोदेही मागे नव्हते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी बडोद्यातर्फे होळकरांविरुद्ध ५७७ धावांची भागी केली. हजारे मूळचे सांगलीचे. म्हणजे ज्या काळात संस्थानिक खुशाल खेळाडू उचलत होते, त्या काळात करंडक तीन-चार घरी फिरत होता आणि मुंबईला दर वर्षी घाम गाळावा लागत होता.

पुढे संस्थाने गेली. होळकरांचे नाव १९५४-५५ च्या हंगामानंतर करंडकाच्या यादीतून नाहीसे झाले. मुंबईत मैदाने होती, क्लब होते, १९४८ पासून पावसात खेळली जाणारी कांगा लीग होती, आणि खेळाडूला नोकरी देणाऱ्या गिरण्या, कंपन्या, बँका होत्या. परिणाम काय झाला? १९५८-५९ ते १९७२-७३ अशी लागोपाठ पंधरा वर्षे रणजी करंडक मुंबईने जिंकला. मराठी माणसाला याचा अभिमान वाटला आणि वाटावाही. पण चुरस म्हणाल तर ती उरली नाही. अंतिम सामन्याचा निकाल काय लागणार हे शाळकरी पोरही सांगू लागले. या पंधरा वर्षांत मुंबईला शह द्यायला ऐनवेळी गडी उचलणारा संस्थानिक कोणी नव्हता. तोल मात्र कधी नव्हता इतका गेला होता.

मुंबईचे कर्तृत्व मी कमी लेखीत नाही. तिने आपले खेळाडू आपल्या मैदानांवर घडवले. माझे म्हणणे इतकेच की, माणसे जागच्या जागी बांधून ठेवल्याने दुबळा संघ सबळ होत नाही. ज्याच्या अंगणात आधीच पीक आहे त्याचीच कणगी भरते.

अमेरिकेत याचा पडताळा आणखी स्पष्ट मिळतो. तेथे बेसबॉल संघांच्या मालकांनी १८७९ पासून आपापसांत एक करार केला होता. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाकडे राखीव राहायचा. मालकाने विकले तरच त्याला हलता येई. कारण काय सांगितले जाई? खेळाडूंना मोकळे सोडले तर श्रीमंत संघ सगळे चांगले गडी पळवतील आणि खेळाचा तोल जाईल. सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ साली या युक्तिवादातली हवा काढून घेतली. त्याने दाखवले की, खेळाडूला विकण्याचा हक्क मालकाकडे असो की स्वतः खेळाडूकडे, तो शेवटी जेथे त्याची किंमत सर्वांत जास्त तेथेच पोचतो. फरक पडतो तो एवढाच, की किंमत कोणाच्या खिशात जाते. राखीव पद्धत चालू असतानाच, १९४९ ते १९५३ अशी लागोपाठ पाच वर्षे, न्यूयॉर्कच्या यांकी संघाने अजिंक्यपद मिळवले होते. १९७५ साली लवादाच्या निर्णयाने ही पद्धत मोडली. त्यानंतर १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा निरनिराळे संघ अजिंक्य ठरले.

हे वाचले तेव्हा मला पहिल्याने आठवण झाली ती दहा रुपयांची.

संस्थानिकांच्या भरतीकडेही खेळाडूच्या बाजूने पाहिले पाहिजे. हजारे एका शाळामास्तराचे चिरंजीव. देवासच्या महाराजांनी त्यांना आश्रय दिला, ऑस्ट्रेलियाच्या ग्रिमेटचे मार्गदर्शन मिळवून दिले, पुढे बडोद्याने सैन्यात हुद्दा दिला. भाऊसाहेब निंबाळकर कोल्हापूरचे. महाराष्ट्रातर्फे १९४८-४९ साली काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढणारा हा पराक्रमी फलंदाज बडोद्याकडून खेळला, होळकरांकडून खेळला, रेल्वेकडूनही खेळला. त्यांना कोणी भाडोत्री म्हणावे काय? ज्या देशात बॅट हातात धरून पोट भरण्याची सोय नव्हती, तेथे ते पोटामागे गेले. गावचा अभिमान ही मोठी गोष्ट आहे, पण ती ज्याच्या घरी खायला आहे त्याला अधिक परवडते.

मुलांचा खेळ ज्या घराण्यातला, त्याचाही उगम सांगितला पाहिजे. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये डॅनियल ओक्रंट या लेखकाने आपल्या मित्रांसह एक खेळ काढला. प्रत्येकाला सारखीच रक्कम, तिच्यातून बेसबॉलच्या खऱ्या खेळाडूंचा लिलाव. १९९७ साली स्वीडनमध्ये 'हॅटट्रिक' नावाचा संगणकावरचा फुटबॉलचा खेळ सुरू झाला. त्यात खेळाडूच्या लिलावाला मुदत असते, पण अगदी शेवटच्या क्षणी कोणी बोली लावली तर मुदत काही मिनिटांनी पुढे सरकते. आमच्या मोंढ्यात अडत्या "एकवार, दोनवार" म्हणून थांबतो आणि नवी बोली आली की पुन्हा एकपासून सुरू करतो, तसेच हे. ऐनवेळी बोली लावायला बंदी नाही. फक्त ती दुसऱ्याला ऐकू आली पाहिजे.

२००८ साली आयपीएलचा लिलाव झाला तेव्हा सर्व संघांना खर्चाची मर्यादा सारखी घालून दिली. तरीही ऐनवेळचा गडी आलाच. २०११ च्या लिलावात ख्रिस गेलला कोणी घेतले नाही. हंगाम सुरू झाल्यावर बंगळूरच्या संघाचा डर्क नॅनस जखमी झाला आणि त्याच्या जागी गेलला बोलावले. आल्या आल्या त्याने शतक ठोकले, हंगामात सर्वांत जास्त, ६०८ धावा केल्या आणि संघाला अंतिम सामन्यात नेले. तेथे चेन्नईने त्यांना हरवले. कॉम्प्टनचीच कथा सहासष्ट वर्षांनी पुन्हा घडली. पण त्या हंगामाची आठवण काढणारा माणूस आज प्रथम गेलची आठवण काढतो. तो बाहेर राहिला असता तर नियमाचे काही बिघडले नसते, खेळ मात्र दरिद्री झाला असता.

दुसऱ्या दिवशी मुले आली. मी सांगितले, "खरेदी कायम. मुदत आधी ठरली होती आणि दार सर्वांना सारखेच उघडे होते. पण पुढच्या हंगामापासून मुदत रात्री बाराची ठेवू नका. सगळे जागे असतात त्या वेळेची ठेवा. आणि सुटलेला खेळाडू उचलायचा पहिला मान जो शेवटच्या क्रमांकावर असेल त्याला द्या." अमेरिकन फुटबॉलमध्ये १९३६ पासून नव्या खेळाडूंची निवड याच उलट्या क्रमाने होते, हे मी त्यांना सांगितले. ही तोड सर्वांना पटली. हरलेला मुलगा थोडा वेळ फुरंगटून बसला, मग तोही हसला.

एकाने विचारले, "नाना, आणि खेळाडूची मर्जी?"

"तुमच्या खेळात ती विचारायची गरज नाही," मी म्हणालो. "मोबाईलमधल्या गड्याला पोट नसते."

मुले पांगली. मला मात्र १९७२ चा दुष्काळ आठवला. रोजगार हमीचा कायदा अजून व्हायचा होता, दुष्काळी कामे निघाली होती. एका खडी केंद्रावर मी हजेरी लिहायला होतो. रांगेत एक सडपातळ जवान पुढे आला. हात खडीने सोलवटले होते. मी वर न पाहता विचारले, "नाव?" त्याने सांगितले. "गाव?" तो काही बोलेना म्हणून मी मान वर केली. त्याने मला ओळखले होते.

"इथं बी गाव लागतंय का, मालक?" तो म्हणाला.

मी गाव न विचारताच त्याची हजेरी लावली. दहा रुपयांची गोष्ट त्याने काढली नाही, मीही काढली नाही. काढायला हवी होती.